मार्तंड कंपनीचा मासा

छत्र्या ठेवायला काहीतरी आणा, एवढंच स्मिता म्हणाली होती. त्यात तोफगोळा, बेल्जियम, पोलीस आणि प्रतिज्ञापत्र यांचा उल्लेख कुठेही नव्हता, हे मी आधीच नमूद करतो, कारण नंतर आमच्या घणसोलीच्या सोसायटीत या विषयावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. मी चौतीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढली आहेत. तिथे नवरा गेला म्हणून बायको समोर बसून रडत असली, तरी आम्ही आधी मृत्यूचा दाखला मागायचो. असा माणूस उतावीळपणे काही करेल, हे मुळात संभवत नाही.

मॉलमध्ये या कामासाठी जे मिळतं ते प्लास्टिकचं असतं आणि छत्री ठेवली की आडवं होतं. म्हणून मी तुर्भ्याला भंगारवाल्यांच्या रांगेत गेलो. तिथे जुन्या पंख्यांच्या ढिगाखाली एक पितळी नळकांडं दिसलं. गुडघ्याएवढं उंच, तोंड वितीपेक्षा जरा लहान, बूड बंद. भंगारवाला म्हणाला, इंग्रजांच्या जमान्यातलं फूलदान आहे. माझा त्याच्यावर काडीचा विश्वास बसला नाही, पण वस्तू मनात भरली होती. रिक्षातून मांडीवर घेऊन आलो. स्मिताने ते उचलायला पाहिलं, उचललं गेलं नाही, तेव्हा म्हणाली, निदान वाऱ्याने पडणार नाही. लग्नाच्या छत्तीस वर्षांत माझ्या खरेदीची तिने केलेली ही सर्वांत मोठी स्तुती.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई आल्या. या घणसोली गावातल्या. आमच्याकडे नऊ वर्षं भांडी-लादी करतात, वय सत्तरच्या घरात, आणि पितळ दिसलं की त्यांना चिंच आठवते. त्यांनी नळकांडं लोळवत बाथरूममध्ये नेऊन पालथं केलं आणि बराच वेळ घासण्याचा आवाजच येईना. कंबर धरली असेल म्हणून मी डोकावलो. त्या ओल्या लादीवर चक्क बसल्या होत्या आणि बुडावरून बोट फिरवत होत्या.

"ही आमची मार्तंड हाय," त्या म्हणाल्या.

बुडावर गोलाकार ठसे होते. किरणांचा सूर्य, त्याखाली ७१ हे साल, एक चार आकडी नंबर, आणि कडेला तांदळाच्या दाण्याएवढा एक मासा. शेवंताबाईंनी सांगितलं की हे फूलदान नव्हे, तोफेच्या गोळ्याचं रिकामं खोकं आहे. तुर्भ्याच्या खाडीकडच्या अंगाला त्यांच्या सासऱ्यांची शेती होती, ती मार्तंड काडतूस वर्क्स नावाच्या कंपनीसाठी गेली. बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती शेवंताबाईंना. आठ वर्षं त्या तिथे चेकिंगला होत्या. अठ्ठ्याहत्तर साली कंपनी बुडाली, शेड पाडली, आता तिथे टाइल्सचं गोदाम आहे.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. त्यांची नात राजनंदिनी सरकारी भरतीच्या लेखी परीक्षेत प्रकल्पग्रस्तांच्या कोट्यातून पास झाली होती. पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला कागदपत्रांची पडताळणी. तोवर प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला हातात नसला, तर नोकरी गेली. दाखल्याचा अर्ज केलेला होता, पण कार्यालयातल्या यादीत मार्तंडचं नावच नव्हतं. कंपनीचं पत्र पुराच्या पाण्यात गेलेलं. कार्यालयाचं म्हणणं असं की प्रकल्पच नाही, तर तुम्ही प्रकल्पग्रस्त कशा? जमीन गेली हे त्यांना मान्य होतं. कशासाठी गेली ते जमिनीलाच विचारून या, एवढंच म्हणायचं बाकी होतं.

"साहेब, तुमाला कागदातला कलतं," शेवंताबाई म्हणाल्या. "त्या कंपनीचा कायतरी शोधून द्या."

मी तोफगोळ्यावर हात ठेवून शब्द दिला. अठ्ठावीसच्या आत मार्तंड कंपनी सिद्ध करून दाखवतो, नाहीतर नावाचा सुधीर गुळवणी नाही. स्मिता स्वयंपाकघरातून म्हणाली की आधी छत्र्यांचं बघा. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. निवृत्त माणसाला काम मिळतं तेव्हा घरच्यांच्या पोटात का दुखतं, हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे.

पहिली पायरी म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ओळखा पाहू हे काय आहे. एकाने बिर्याणीचं भांडं म्हटलं. एक वहिनी म्हणाल्या, माहेरी असं पाणी तापवायला होतं. मग सी विंगमधल्या, पूर्वी गोदीत नोकरीला असलेल्या एका गृहस्थांनी लिहिलं, "तोफगोळा. जिवंत असू शकतो." पुढच्या दहा मिनिटांत लिफ्ट बंद झाली, खालच्या मजल्यावरचं बारसं बागेत हललं, आणि अर्ध्या तासात दोन पोलीस दारात उभे राहिले. त्यातल्या वयस्कर हवालदारांनी गोळ्यातून दोन छत्र्या बाहेर काढल्या, आत टॉर्च मारला, आणि कोणाला शंका नको म्हणून पंचनामा लिहायला बसले. तो मी जपून ठेवला आहे. "पितळी नळकांडे एक, रिकामे. आत छत्र्या दोन, पैकी एक लेडीज." तपास होईपर्यंत सर्व वस्तू माझ्याच ताब्यात ठेवण्यात आल्या, पण त्या विकायच्या नाहीत, घासायच्या नाहीत, घराबाहेर न्यायच्या नाहीत, अशी माझी लेखी हमी घेण्यात आली. छत्र्याही पंचनाम्यात असल्यामुळे आम्हाला नव्या छत्र्या घ्याव्या लागल्या. त्या ठेवायला स्मिता मॉलमधून प्लास्टिकचा स्टँड घेऊन आली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

आता सल्ले सुरू झाले. त्या भागातल्या कारखान्यांचं जुनं सगळं रेकॉर्ड तळोज्याला हलवलंय, असं सेक्रेटरींच्या साडूंनी छातीठोकपणे सांगितलं. तळोज्याला मी दोन बस बदलून गेलो. तिथल्या गोदामाच्या रखवालदाराने सांगितलं की कपाटं आली होती, पण रिकामी. कागद कुठे असतील विचारलं, तर म्हणाला, कपाटं तुर्भ्याहून आली, म्हणजे कागद तिथेच काढून ठेवले असतील. मी तुर्भ्याच्या कचेरीत गेलो. तिथे म्हणाले, कागद कपाटातच होते. हा प्रवास मी तीन वेळा केला, आणि तिसऱ्या वेळी रखवालदाराने मला ओळख दाखवून चहा पाजला.

तिसऱ्या मजल्यावरचा केयूर घरूनच काम करतो, म्हणजे दिवसभर मोकळा असतो. तो म्हणाला, काका, हे ऑनलाइन टाका. जगभरात काडतुसांच्या बुडावरचे ठसे वाचणाऱ्या लोकांचा एक ग्रुप आहे, हे मला त्या दिवशी कळलं. अशी माणसं आहेत आणि त्यांना बायकाही आहेत. त्यांच्यात आधी सूर्याचे किरण अकरा की बारा यावरून भांडण लागलं, दोघे ग्रुप सोडून गेले. मग बेल्जियममधल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं. त्यांच्या तळघरात असली चार हजार खोकी आहेत. त्यातल्या एकावर हाच सूर्य आणि हाच मासा होता, आणि ते त्यांनी आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदराजवळच्या दुकानातून घेतलं होतं. त्यांचं मत असं पडलं की मासा ही बंदराची खूण, म्हणजे कारखाना त्या बंदरात होता. उत्तराची सुरुवात त्यांनी "प्रिय प्राध्यापक गुळवणी" अशी केली होती. दावे विभागात मला लोक काय काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही, पण प्राध्यापक कोणी म्हटलं नव्हतं. माझा घात त्या एका शब्दाने केला.

मी शेवंताबाईंना माशाबद्दल विचारलंच नाही, असा आरोप पुढे झाला. तो साफ खोटा आहे. मी विचारलं होतं. त्या कढई घासत होत्या.

"यो मासा मीच मारलाय," त्या म्हणाल्या.

चेकिंगला नऊ बायका होत्या. खोकं मापात बसलं की ज्या बाईने तपासलं तिने हातोडीने आपली खूण मारायची, म्हणजे पुढे दोष निघाला तर कोणाच्या झिंज्या धरायच्या ते कळावं. लिहिता कोणालाच येत नव्हतं. मग सुपरवायझरने सांगितलं की प्रत्येकीने एकेक चित्र निवडा. शेवंताबाईंनी मासा घेतला. त्यांच्या शेजारच्या गोजराने फणी घेतली. असे हजारो मासे त्यांनी मारले आणि ते रेल्वेने देशभर गेले. एखादा पूर्व किनाऱ्याला गेला असेल तर त्यात काय नवल, असं त्यांचं म्हणणं.

मी विचारलं, याला पुरावा काय? त्या म्हणाल्या, "मी हाय ना."

मी हसलो. दावे विभागात हे वाक्य रोज ऐकू यायचं. एका बाजूला चार हजार खोक्यांचा अभ्यास असलेला बेल्जियन विद्वान, आणि दुसऱ्या बाजूला आमची कढई. सैन्याच्या तोफगोळ्यावर भांडीवालीची सही असेल, हे शास्त्राला धरून वाटेना. शिवाय कंपनी होती हे तर सिद्ध झालंच होतं, नेमकी कुठे हा तपशिलाचा भाग. कारखाना पूर्व किनाऱ्यावरच होता, असा बावीस पानांचा निबंध मी लिहिला. शेवंताबाईंना अगदीच वगळायला नको म्हणून तळटीप क्रमांक सतरामध्ये घातलं, "याविषयी स्थानिक पातळीवर काही दंतकथा प्रचलित आहेत." ती तळटीप मी स्मिताला वाचून दाखवली. ती म्हणाली, ती दंतकथा उद्या सुट्टीवर आहे, भांडी तुम्हीच घासा.

वाशीच्या एका हॉलमध्ये जुन्या वस्तूंच्या संग्राहकांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे मी निबंध वाचला. पोलिसांच्या हमीमुळे गोळा नेता आला नाही, म्हणून केयूरने काढलेला मोठा फोटो लावला. सात माणसं होती, त्यातली दोन पुढच्या कार्यक्रमाची. पण एक स्थानिक साप्ताहिकवाला आला होता. रविवारी पहिल्या पानावर मथळा आला, "काडतूस कारखाना तुर्भ्यात नव्हताच, घणसोलीच्या संशोधकाचा दावा." शेजारी माझा फोटो. मी त्या दिवशी तीनदा खाली दूध आणायला गेलो.

आता माझी एक सवय सांगायला हवी. महत्त्वाचा कागद मी नुसता वाचून ठेवून देत नाही. योग्य त्या कार्यालयाला माहितीस्तव सविनय सादर करतो आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतो. आवक क्रमांकाचा तो निळा शिक्का पाहिला की मला जेवण गोड लागतं. साप्ताहिकाचं कात्रण मी बेल्जियमला पाठवलं, ग्रंथालयाला दिलं, आणि प्रकल्पग्रस्तांच्या कार्यालयात तर स्वतः जाऊन दिलं. शेवंताबाईंच्या कामाला हातभार लागावा, हाच हेतू होता. सोबतच्या पत्रात मी त्यांच्या अर्जाचा क्रमांकसुद्धा घातला, म्हणजे कागद चुकीच्या फायलीत जायला नको. खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारला. मी पोच खिशात घालून घरी आलो.

त्यानंतरच्या आठवड्यात दोन दिवस शेवंताबाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी राजनंदिनी आली. काटक, शांत मुलगी. आत ये म्हटलं तर दारातच उभी राहिली आणि कार्यालयाचं पत्र वाचून दाखवलं. सदर कंपनी तुर्भे येथे अस्तित्वात नव्हती, असे तज्ज्ञ संशोधक श्री. सुधीर गुळवणी यांचे मत अभिलेखात उपलब्ध असल्याने अर्ज नस्तीबद्ध करण्यात येत आहे. नस्तीबद्ध म्हणजे फाईल बंद, हे तिला सांगावं लागलं नाही. त्या दिवशी एकवीस तारीख होती.

"काका, आजीनं तुम्हाला सगळं सांगितलं होतं ना?" तिने विचारलं.

सांगितलं होतं, म्हणालो. ती पत्राची घडी घालून जिना उतरून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्मिता मागे उभी होती, तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. तिने फक्त माझी पिशवी आणून हातात दिली.

कार्यालयात त्या फायलीच्या टेबलावर निशांत नावाचा तरुण लिपिक होता. मी म्हणालो, ते मत चुकीचं आहे, कागद परत द्या. तो म्हणाला, आवक झालेला कागद परत जात नाही. मी म्हणालो, अहो, तो माझाच आहे. तो म्हणाला, मग चुकीचा कसा? मला राग आला. आवाज चढवून मी विचारलं की एका साप्ताहिकाच्या कात्रणावर कोणी गरिबाचा अर्ज बंद करतं का. निशांतने फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली. आत दोन जबाब होते, शेवंताबाईंचा आणि गोजराबाईंचा. तलाठ्याचा पंचनामा होता, टाइल्सच्या गोदामाखालच्या जुन्या पायाचा. वर टिप्पणी होती, जुन्या कामगारांचे जबाब विश्वासार्ह, दाखला देण्यास हरकत नाही.

"साहेब, सोमवारी सही होणार होती," निशांत म्हणाला. "त्याआधीच्या शुक्रवारी तुमचं कात्रण आलं."

म्हणजे ज्या दिवसांत मी तळोजा-तुर्भे करत होतो, त्या दिवसांत या दोन म्हाताऱ्यांनी स्वतःच आपलं काम करून घेतलं होतं. नुसतं बोलून. मी खुर्चीवर बसून राहिलो. चौतीस वर्षं मीही समोरच्याचं बोलणं बाजूला ठेवून कागद उचलला होता, आणि त्यातली किती माणसं खरं बोलत होती, हा हिशेब त्या क्षणी डोक्यात शिरला. तो अजून बाहेर गेलेला नाही.

यावर उपाय काय? निशांतने आत जाऊन साहेबांना विचारलं. तज्ज्ञाचं मत खोडायचं तर त्याहून मोठा तज्ज्ञ लागतो. किंवा तो मुळात तज्ज्ञच नाही, असं त्याने प्रतिज्ञेवर लिहून द्यावं, दोन साक्षीदारांसह. साक्षीदार त्याला बरीच वर्षं ओळखणारे हवेत. स्मिताने मजकूर न वाचता सही केली. दुसऱ्या सहीसाठी मी केयूरला गाठणार होतो, पण बातमी पसरली आणि सोसायटीतून सात जण तयार झाले. गुळवणींना काहीही कळत नाही याची साक्ष द्यायला माणसं पेन घेऊन घरी आली, हा माणूस म्हणून माझा अपमान होता. तेवढ्यात सेक्रेटरींनी सोसायटीचा रबरी शिक्काही देऊ केला.

पंचवीस तारखेला मी कार्यालयात गेलो. शेवंताबाई आणि गोजराबाई आधीच बाकावर होत्या. साहेब म्हणाले, काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा, अर्जदारांना कळू द्या. रांगेत वीसेक माणसं असतील. मी उभा राहून वाचलं. मी, सुधीर गुळवणी, प्रतिज्ञेवर लिहून देतो की दारूगोळ्यातील मला काहीही कळत नाही. मी संशोधक नाही. खोक्यावरील मासा श्रीमती शेवंताबाई यांनी मारलेला आहे, हे त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितले होते व मी ते मानले नाही, याचे कारण त्या माझ्या घरी भांडी घासतात, याखेरीज दुसरे नाही. शेवटचं वाक्य वकिलाच्या मसुद्यात नव्हतं. ते मी रात्री आपल्या हाताने घातलं होतं. वाचत असताना रांगेतली माणसं मोबाईल खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

गोजराबाईंना कानाने कमी ऐकू येतं. त्यांनी शेवंताबाईंना मोठ्याने विचारलं, यो कोन?

"माझे साहेब हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "मानूस चांगला हाय, पन ऐकत नाय."

दाखला सत्तावीसला मिळाला, पडताळणीच्या आदल्या दिवशी. राजनंदिनीने तो कार्यालयाच्या पायरीवर उभं राहून दोनदा वाचला आणि आजीला मिठी मारली. माझ्याकडे बघून ती फक्त मान हलवून गेली, आणि त्याहून जास्त मला मिळायला नको होतं. आदेशाची एक प्रत माझ्याकडेही आली. त्यात लिहिलंय की कामगारांचे जबाब ग्राह्य धरण्यात येत असून श्री. गुळवणी यांचे संशोधन, त्यांच्याच म्हणण्यानुसार, निरर्थक आहे. बेल्जियमच्या गृहस्थांना मी हे सगळं कळवलं. त्यांनी नऊ बायकांची नऊ चित्रं कोणती, असं विचारलं, आणि मला दोनच सांगता आली.

सोमवारी शेवंताबाई कामावर आल्या. मी हॉलमध्ये नवी कोरी वही उघडून तयार बसलो होतो. म्हणालो, शेवंताबाई, आता अगदी पहिल्यापासून सांगा, नऊ जणी कोण, कोणाची खूण काय, शेड कुठे होती, सगळं. मी नीट लिहून घेतो आणि तुमच्या नावानं छापतो. त्यांनी बादली खाली ठेवली, फडकं पिळलं, आणि मला पाय वर घ्यायला सांगितलं, लादी पुसायची होती. मी खुर्चीत पाय वर घेऊन पेन उघडलं.

"वही ठेवा बाजूला," शेवंताबाई म्हणाल्या. "आदी ऐका."

मी वही ठेवली.